टोकन कोणाकडे आहे?

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. मी कॉन्व्हेंटची. घर वसमतला, जिल्हा हिंगोली. पण शिक्षण नांदेडला मावशीकडे राहून, तेही पहिलीपासून इंग्लिश मीडियम. त्यामुळे माझं मराठी अर्धं आजीकडून आलंय आणि अर्धं हॉस्टेलच्या मेसमध्ये जमवलंय. मराठी विभागाच्या संपादिकाबाईंनी मला पोह्यांच्या लाइनमध्ये गाठलं आणि "लेख दे" म्हणाल्या, तेव्हा मी आधी हसले. म्हटलं, टेक्निकल विषय आहे, इंग्लिश सेक्शनला देते. पण मग लक्षात आलं की या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला मराठीतच कळली होती. इंग्लिश पुस्तकात ती चार वेळा वाचली होती, तरी कळली नव्हती! म्हणून हा खटाटोप. ऱ्हस्व-दीर्घ पदरात घ्या.

तर विषय आहे आमचा तिसऱ्या वर्षाचा मिनी प्रोजेक्ट. नाव भारदस्त आहे: नेटवर्क फाइल सिस्टिमच्या कर्नल कोडमधल्या लॉकमध्ये बदल आणि त्याची चाचणी. घाबरू नका, मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांनाही कळेल असं सांगते.

आपल्या कॉलेजच्या लिनक्स लॅबमध्ये तुम्ही कुठल्याही मशीनवर बसा, लॉगिन केलं की तुमच्याच फाइली समोर येतात. त्या फाइली त्या मशीनमध्ये नसतात. त्या कोपऱ्यातल्या एसी खोलीतल्या सर्व्हरवर असतात आणि नेटवर्कवरून तुमच्यापर्यंत येतात. पण तुम्हाला मात्र वाटतं, आपल्याच डिस्कवर आहेत. ही जादू करणारी चीज म्हणजे एनएफएस, नेटवर्क फाइल सिस्टिम. सन मायक्रोसिस्टिम्सनं ती १९८५ च्या सुमारास जगापुढे आणली आणि आजही ती लॅबमधून, कंपन्यांमधून, सुपरकॉम्प्युटरवरसुद्धा चालते. फ्रान्समधल्या एका सरकारी संशोधन संस्थेत लिहिलेल्या एनएफएस सर्व्हरचं नाव तर चक्क 'गणेशा' आहे! (सबमिशनच्या आधी त्याला नमस्कार करायला हरकत नाही.)

आणि सर्व्हर अडकला की काय होतं हेही आपल्याला माहीत आहे. स्क्रीन गोठते, माउस फिरतो पण काही उघडत नाही, आणि काळ्या खिडकीत ती प्रसिद्ध ओळ येते: सर्व्हर उत्तर देत नाही, प्रयत्न चालू आहे. व्हायवाच्या आदल्या दिवशी ही ओळ ज्यानं पाहिली नाही तो इंजिनिअरच नाही.

आता लॉक म्हणजे काय? मेसचं गेस्ट रजिस्टर डोळ्यासमोर आणा. शेवटचा आकडा आहे १२. समजा दोन मुलींनी एकाच वेळी वहीत डोकावलं. दोघींनी १२ वाचलं, दोघींनी मनात एक मिळवला, दोघींनी १३ लिहिलं. पाहुण्या दोन जेवल्या, वहीत एकच वाढली. मेसच्या मावशी महिनाअखेरीला हिशोब करतात तेव्हा एक ताट हवेत गायब! यावर उपाय सोपा आहे. वहीला एकच पेन बांधायचं. ज्याच्या हातात पेन, त्यानंच वाचायचं आणि लिहायचं. बाकीच्यांनी थांबायचं. हे पेन म्हणजे लॉक.

मशीनमध्ये एकच प्रोसेसर होता तोवर हे सगळं बऱ्यापैकी निभावत होतं. दोन-चार प्रोसेसर आले आणि पंचाईत झाली. तेव्हा कर्नल लिहिणाऱ्यांनी आधी सरळ एकच मोठं कुलूप लावलं. म्हणजे अख्ख्या हॉस्टेलला एकच किल्ली; बाथरूम, टीव्ही रूम, स्टडी रूम, काहीही उघडायचं असलं तरी तीच. कोणाची टक्कर होत नाही, पण रांग मात्र जिन्यापर्यंत! लिनक्समध्ये हे 'बिग कर्नल लॉक' १९९६ साली आलं आणि पूर्णपणे काढून टाकायला २०११ उजाडलं. फ्रीबीएसडी नावाच्या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये त्याचं नावच 'जायंट' होतं. तिथे त्याला फोडून छोटी छोटी कुलपं करण्याचं काम २००० साली सुरू झालं आणि एकेक भाग बाहेर काढता काढता वर्षांमागून वर्षं गेली. मोठ्या मोठ्या लोकांची. का लागली एवढी वर्षं, हे मला या मे महिन्यात समजलं.

आम्ही फ्रीबीएसडीच निवडलं, कारण त्याचा कोड वाचायला सुटसुटीत आहे असं सर म्हणाले. आम्ही म्हणजे मी आणि माझी प्रोजेक्ट पार्टनर. एनएफएसच्या क्लायंट बाजूला प्रत्येक फाइलची एक छोटी नोंद मेमरीत ठेवलेली असते: फाइल केवढी आहे, सर्व्हरला शेवटचं कधी विचारलं होतं, आपण लिहिलेलं काही पाठवायचं राहिलंय का. या नोंदीला तिचं स्वतःचं लॉक असतं. आमच्या सरावाच्या कोडमध्ये, सर्व्हरचं उत्तर आलं की लॉक घ्यायचं, नोंद तपासायची, मध्ये थोडं जड काम करायचं, मग नोंद बदलायची आणि लॉक सोडायचं असा क्रम होता. मला वाटलं, ते मधलं जड काम लॉकच्या बाहेर काढलं तर बाकीच्या थ्रेडना एवढं थांबावं लागणार नाही. सात-आठ ओळींचा बदल. चालवून पाहिलं तर खरंच वेग वाढला. आम्ही दोघींनी कॅन्टीनमध्ये जाऊन एक्स्ट्रा चीज सँडविच खाल्लं.

राहिली चाचणी. सर म्हणाले, "बदल दहा मिनिटांत होतो. चाचणीला महिना लागतो. सुट्टीत करा."

पार्टनर इंटर्नशिपला पुण्याला गेली. मी सगळं बाडबिस्तर घेऊन वसमतला. आमच्याकडे मामाच्या बंद पडलेल्या सायबर कॅफेतले दोन जुने पीसी माळ्यावर होते. ते उतरवले, झाडले (एकात पालीची अंडी निघाली), माझा लॅपटॉप जोडला, पाच पोर्टचा स्विच आणला. ओसरीशेजारच्या खोलीत लॅब तयार! बाहेर ऊन असं की अंगणात वाळत टाकलेल्या साड्या अर्ध्या तासात कडक. खोलीत हळदीची पोती रचलेली, कारण आमच्या काकांची हळद अजून मोंढ्यात जायची होती. त्यामुळे माझ्या सगळ्या वायर, कीबोर्ड आणि बोटांनाही पिवळा रंग आला. जगात हळदीचा वास येणारा एनएफएस सर्व्हर हा एकमेव असावा.

चाचणीसाठी एक छान प्रोग्रॅम आहे, एफएसएक्स. अगदी साधा आणि अगदी दुष्ट. तो एकच फाइल घेतो आणि तिच्याशी हवं तसं खेळतो: इथे लिही, तिथून वाच, अचानक फाइल निम्मी काप, परत वाढव. आणि प्रत्येक वेळी फाइलमध्ये काय असायला हवं याची एक प्रत तो स्वतःच्या मेमरीत ठेवतो. वाचलेलं आणि असायला हवं ते जुळलं नाही की जागीच थांबतो आणि आधी काय काय केलं होतं त्याची यादी फेकतो. शिवाय कर्नलमध्ये 'विटनेस' नावाची सोय चालू ठेवली होती. ती नावाप्रमाणे साक्षीदार असते. कोणी कुठलं लॉक कुठल्या क्रमानं घेतलं हे ती लक्षात ठेवते आणि एकानं आधी अ मग ब, दुसऱ्यानं आधी ब मग अ असं घेतलेलं दिसलं की ओरडते. कारण तसं झालं तर कधीतरी दोघं एकमेकांची वाट बघत कायमचे बसणार.

आणखी एक सोय मला हिंगोली जिल्ह्यानं फुकट दिली. लाईट! पुस्तकात लिहिलंय की सर्व्हर मध्येच बंद पडून परत चालू झाला तर काय होतं हेही तपासा. मी दोन्ही क्लायंट इन्व्हर्टरवर ठेवले आणि सर्व्हर सरळ मेन लाईनवर. दुपारी लाईट गेली की सर्व्हर धाडकन बंद, क्लायंट जिवंत. लाईट आली की सर्व्हर परत उठतो. एनएफएसच्या तिसऱ्या आवृत्तीत, १९९५ पासून, याची फार सुंदर व्यवस्था आहे. सर्व्हर प्रत्येक लिहिण्याच्या उत्तराबरोबर एक खूण पाठवतो. बंद पडून परत उठला की ती खूण बदलते. क्लायंट बघतो, अरे, खूण वेगळी आहे, म्हणजे मधल्या काळात हा झोपला होता. मग डिस्कवर पक्कं झाल्याची खात्री नसलेलं सगळं तो पुन्हा पाठवतो. आई म्हणायची, "लाईट गेली की ही पोरगी टाळ्या वाजवते, हिला दवाखान्यात दाखवा."

चार दिवस सगळं हिरवंगार. पास, पास, पास. मी रिपोर्ट लिहायला घेतला आणि त्यात ओळ टाकली: सर्व चाचण्या यशस्वी.

पाचव्या रात्री, दोनशे अठराव्या फेरीला, एफएसएक्स थांबला. फाइल कापून लहान केली होती, पण क्लायंट म्हणत होता, अजून मोठीच आहे. मी त्याच बीजानं तो पुन्हा चालवला. (बीज म्हणजे तो आकडा, ज्यावरून त्याच्या सगळ्या खोड्या त्याच क्रमानं परत करता येतात.) पास. परत. पास. रात्रभर चालवला. सकाळपर्यंत पास!

पार्टनरला फोन केला. ती म्हणाली, "यार, एकदाच ना? तुझे ते पीसी सायबर कॅफेतले. रॅम गेलेली असेल. सोड ना."

आणि मी सोडलं. खोटं कशाला सांगू? सबमिशनला सहा दिवस होते. मी त्या फेरीचा लॉग डिलीट केला, काउंटर शून्यावर आणला आणि नव्यानं मोजायला सुरुवात केली. दोन दिवसांत तीनशेपैकी तीनशे पास झाले. रिपोर्टमध्ये तीनशेचा आकडा लिहिला. वाचायला किती छान दिसत होता! पण रात्री झोप लागेना. खोटा आकडा नव्हता तो. तीनशे खरंच पास झाल्या होत्या. फक्त मोजायला कुठून सुरुवात केली ते मी ठरवलं होतं.

आमचे आबा, म्हणजे माझे आजोबा, रेल्वेत पॉइंट्समन होते. पूर्णा-अकोला लाईनवर सगळी नोकरी. तेव्हा ती मीटरगेज होती, छोटी गाडी. २००८ साली ती लाईन ब्रॉडगेज झाली, त्याच्या दहा वर्षं आधीच आबा रिटायर झाले. आता पंच्याऐंशी उलटलीत, कान थोडे गेलेत, पण रात्री झोप नाही. अंगणात बाजेवर पडून असतात आणि लांबून गाडीचा हॉर्न आला की उशाखालचं घड्याळ काढून बघतात. अजून!

त्या रात्री दीड वाजता ते काठी टेकत माझ्या खोलीच्या दारात आले.

"काय करायलीस माय रातभर? ह्या डब्ब्यायला झोप न्हाई का?"

मी म्हटलं, "आबा, चूक शोधायली. एकदाच आली, परत येईना."

"कशाची चूक?"

आता यांना काय सांगायचं? मला मराठीत लॉक, थ्रेड, रेस कंडिशन काही सांगता येईना. शेवटी म्हटलं, "समजा आबा, रूळ एकच आहे आणि गाड्या दोन. दोन्हीकडून येणाऱ्या. एका वेळी एकच आत जाईल असं बघायचं आहे."

आबा इतके हसले की त्यांना खोकला आला. "अगं, मग मला विचार की! चाळीस वर्षं दुसरं काय केलं मी?"

आणि खाली बसून त्यांनी टोकनची गोष्ट सांगितली. लहानपणी ऐकली होती, पण तेव्हा ती फक्त आबांची गोष्ट होती.

सिंगल लाईनवर दोन स्टेशनांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी असली पाहिजे. म्हणून दोन्ही स्टेशनांवर एकेक यंत्र असायचं, तारेनं एकमेकांशी जोडलेलं. त्यात लोखंडी गोळे. पलीकडच्या स्टेशननं 'लाईन क्लिअर' दिली तरच एक गोळा बाहेर यायचा. एक बाहेर आला की तो परत कुठल्या तरी यंत्रात जाईपर्यंत दोन्हीकडून दुसरा गोळा निघायचा नाही. हाच टोकन. चामड्याच्या पिशवीत घालून ती मोठ्या वेताच्या कड्याला बांधायची आणि चालत्या गाडीच्या ड्रायव्हरला द्यायची. "हात असा वर धरायचा," आबांनी करून दाखवलं, "आणि ड्रायव्हर दंड घालून कडं उचलायचा. चुकलं तर खांद्याचं हाड." टोकन हातात नाही तर ड्रायव्हर पुढे जाणार नाही, मग मागे कलेक्टर का बसलेला असेना!

मी म्हटलं, "आबा, हेच! हे म्हणजे माझं लॉक. मग चूक कशी काय होईल? लॉक तर आहे."

आबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "यंत्र बंद पडलं की होती."

सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट असावी. पावसाळ्याची रात्र, वीज पडून यंत्र बंद. अशा वेळी फोनवर विचारून कागदावर लाईन क्लिअर लिहून द्यायची पद्धत. एका गाडीसाठी पलीकडून क्लिअर घेतली, कागद लिहिला, ड्रायव्हरला दिला. तेवढ्यात इंजिनात काहीतरी बिघडलं. गाडी निघेना. कागद परत घेतला आणि गाडी थांबली म्हणून पलीकडे कळवलं. तासाभरानं इंजिन दुरुस्त झालं. मास्तर नवीन होता, पोरगाच. त्यानं टेबलावरचा तोच कागद उचलला. क्लिअर तर घेतलेलीच आहे, यावर सगळं लिहिलेलं आहे, दे ड्रायव्हरला.

"मी म्हणलं, साहेब, ह्यो कागद मेला. परत विचारा. ते चिडलं. म्हणलं, तू पॉइंट्समन, मला शिकवतोस? म्हणलं साहेब, मारा मला, पण परत विचारा."

परत विचारलं. पलीकडून उत्तर आलं, तुमची गाडी रद्द झाली म्हणून आम्ही मालगाडी सोडली आहे. मधेच आहे.

आबांनी हे अगदी शांतपणे सांगितलं. मग उठता उठता म्हणाले, "टोकन हातातून सुटलं ना माय, की त्याच्यासंगं माहिती बी सुटली. परत घेतलं तरी पहिल्यापासून विचारायचं. मधल्या टायमात काय झालं, तुला काय ठाव?"

मी तशीच बसून राहिले. मग कोड उघडला.

अगदी तेच होतं! माझ्या बदलात मी लॉक घेऊन नोंद तपासत होते, सगळं ठीक आहे ना. मग जड कामासाठी लॉक सोडत होते. मग लॉक परत घेऊन नोंद बदलत होते. पण परत घेतल्यावर पुन्हा तपासत नव्हते. जुना कागद उचलून ड्रायव्हरला देत होते. त्या मधल्या क्षणात दुसऱ्या थ्रेडनं फाइल कापली की माझा कोड येऊन तिच्यावर जुना, मोठा आकार लिहून टाकणार. तो क्षण इतका छोटा की दोनशे वेळा काहीच होत नाही आणि एकदा होतं. 'विटनेस'नंही काही पकडलं नव्हतं आणि पकडणारही नव्हतं, कारण मी लॉक चुकीच्या क्रमानं घेतच नव्हते. लॉक बरोबर होतं. लॉक सुटल्यावर जुन्या माहितीवर विश्वास ठेवणं चूक होतं.

पण वाटणं वेगळं आणि दाखवणं वेगळं. खरंच हीच चूक आहे कशावरून? मग मी एक उलटा प्रकार केला. लॉक सोडणं आणि परत घेणं यांच्या मध्ये मुद्दाम थोडा उशीर घातला. म्हणजे ती फट रुंद केली. एफएसएक्स चालवला. तिसऱ्याच फेरीला थांबला! तीच चूक, तीच कापलेली फाइल. रात्री तीन वाजता मी एकटीच हळदीच्या पोत्यावर बसून नाचले (बसून नाचता येतं). मग दुरुस्ती केली. नोंदीत एक आकडा ठेवला, जो प्रत्येक बदलाबरोबर वाढतो. लॉक परत घेतलं की तो आकडा बघायचा. बदललेला दिसला तर हातातलं उत्तर टाकून द्यायचं आणि पहिल्यापासून विचारायचं. उशीर तसाच ठेवून रात्रभर चालवलं. एकदाही आली नाही. त्यातून थोडा वेग गेला. जाऊ दे.

इथे लेख संपवला असता तर गोष्ट छान झाली असती. पण तसं झालं नाही.

दोन दिवसांनी दुपारी लाईट गेली, दीड तासानं आली, सर्व्हर उठला. एक क्लायंट लगेच कामाला लागला. दुसरा लागला नाही. तसाच गोठून बसला. संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. शेवटी बटण दाबून बंद केला. त्यानंतर सबमिशनपर्यंत लाईट नऊ वेळा गेली (मी मोजलंय), पण ते परत झालं नाही. माझ्या बदलामुळे झालं, की आधीपासूनच काही होतं, की खरंच तो सायबर कॅफेतला पीसी दमला होता, मला सांगता येत नाही.

पार्टनर फोनवर म्हणाली, "हे तरी लिहू नकोस. एक्स्टर्नलला आयता मुद्दा मिळेल." तिचं चूक नव्हतं. मार्क तिचेही होते. आमचं फोनवर कडाक्याचं भांडण झालं. ती म्हणाली, तुला महान व्हायचंय तर तुझ्या मार्कांवर हो. हे मला फार लागलं, कारण ते बरोबर होतं. शेवटी असं ठरलं की रिपोर्टमध्ये हे लिहायचं, पण 'चाचणी केली: मी' असं लिहून, म्हणजे प्रश्न मला विचारले जातील.

मग मी रिपोर्टमधली तीनशेची ओळ खोडली. डिलीट केलेला लॉग परत मिळाला नाही, पण त्याचा मोबाईलवर काढलेला फोटो होता, तो लावला. लिहिलं: एकूण सहाशे चाळीस फेऱ्या, एक चूक सापडली, कारण कळलं, दुरुस्त केली, एकदा क्लायंट गोठला, कारण कळलेलं नाही.

परत कॉलेजला येताना बस औंढा नागनाथवरून येते. तिथे जवळच दुधाळ्याला लायगो-इंडियाची प्रयोगशाळा उभी राहणार आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रानं तिला मंजुरी दिली, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा असतील. खिडकीतून तो माळ बघताना मला वाटलं, या लोकांचं पण असंच तर आहे. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या लायगोत गुरुत्वीय लहर पहिल्यांदा सापडली, ती एका सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याएवढी! तीही परत मागवता येणार नव्हती. पण एकदाच आली म्हणून त्यांनी ती फेकली नाही, आणि आली म्हणून लगेच डंकाही पिटला नाही. दोन यंत्रं होती, हजारो किलोमीटर लांब, दोन्हीत सात मिलिसेकंदांच्या फरकानं तीच खूण होती. तरी सगळं तपासून जगाला सांगायला पुढच्या वर्षीचा फेब्रुवारी उजाडला. आणि मी एक लॉग उडवायला दोन मिनिटं घेतली होती.

हॉस्टेलवर आल्यावर आणखी एक गंमत कळली. सिंक्रोनायझेशनच्या धड्यात आपण 'सेमाफोर' शिकतो, त्यातले ते पी आणि व्ही पाठ करतो. १९६० च्या दशकात डाइक्स्ट्रा नावाच्या डच शास्त्रज्ञानं ते मांडले. सेमाफोर म्हणजे रेल्वेचा तो हात वर-खाली करणारा सिग्नल, आणि पी-व्ही हे शब्दही त्यानं सुरुवातीला रेल्वेच्याच भाषेतून घेतले होते, 'जाणे' आणि 'मोकळे करणे' अशा अर्थानं. म्हणजे मी आबांना उगाच रूळ आणि गाड्या असं बाळबोध करून सांगितलं नव्हतं. ही विद्या मुळातच तिकडून आली होती! मी पुस्तक उलट्या बाजूनं वाचत होते इतकंच.

व्हायवात एक्स्टर्नल सरांनी बरोबर त्याच पानावर बोट ठेवलं. "हे गोठणं कशामुळे?"

"माहीत नाही, सर."

"मग प्रोजेक्ट पूर्ण झाला असं कसं म्हणता?"

मी म्हटलं, "सर, बदल पूर्ण झालाय. चाचणी पूर्ण झालेली नाही." हे मी धीट म्हणून म्हटलं नाही, दुसरं काही सुचलं नाही म्हणून म्हटलं. सर 'हं' म्हणाले. 'हं'चा अर्थ रिझल्ट लागल्यावर कळला: पन्नासपैकी छत्तीस. शेजारच्या ग्रुपला, ज्यांच्या सगळ्या चाचण्या पहिल्या झटक्यात पास झाल्या होत्या, चव्वेचाळीस. पार्टनर दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी आपणहून मॅगी घेऊन आली आणि म्हणाली, "तो गोठलेला क्लायंट, त्यात त्या वेळी लॉक कोणाकडे होतं ते बघायची काही सोय करता येईल का?" मी मॅगी पूर्ण संपवली आणि मग हो म्हटलं.

सुट्टीत फोनवर आबांना मार्क सांगितले. छत्तीस ऐकू आलं की नाही कोण जाणे. त्यांनी विचारलं, "त्यो दुसरा डब्बा उठला का?" म्हटलं, "उठला आबा, पण का झोपला होता ते कळालं न्हाई." म्हणाले, "मग वहीत लिवून ठेव. तारीख, टाईम, सगळं. पुढचा येणारा वाचील."

म्हणून या सत्रातही आमची चाचणी चालूच आहे, फक्त हॉस्टेलला लाईट जात नाही हा मोठा प्रॉब्लेम आहे. सर्व्हरची वायर दर तासाला हातानं उपटावी लागते. तेव्हा ज्युनिअर्सना एक विनंती: कोणाच्या घरी धूळ खात पडलेला जुना पीसी असेल तर टाकू नका, गर्ल्स हॉस्टेलच्या गेटवर माझ्या नावानं ठेवा. रॅम खराब असली तरी चालेल. फक्त आधी तसं सांगा.